दुसरी दाढ

१

कागद हरवला होता.

सरकारी कागद हरवणं ही काही बातमी नव्हे. मी सव्वीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. हरवलेल्या गोष्टींच्या व्यवस्थित याद्या ठेवणं हेच माझं काम. पण हा कागद वेळेवर सापडला असता, तर एका अख्ख्या वाडीतल्या पोरांना तोंडावर हात धरून हसावं लागलं नसतं.

त्याची नक्कल नव्हे, त्याच्या हरवण्याची नक्कल घेऊन निकिता आमच्या दवाखान्यात आली. आमच्या म्हणजे मंदाकिनीच्या. मंदाकिनी माझी बायको, दातांची डॉक्टर. दवाखाना नारायण पेठेत. दारावर पाटी आहे: 'दुपारी एक ते पाच बंद. या वेळात दुखणेही बंद ठेवावे.' स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी काउंटरवर बसतो आणि लोकांना ती पाटी वाचायला सांगतो.

निकिता आली तेव्हा एकला पाच कमी होते. वीस वर्षांची मुलगी, मोबाइलच्या दुकानात नोकरी, तोंडावर मास्क. साथ संपून इतकी वर्षं झाली तरी मास्क घालणारी माणसं दोन प्रकारची: अति काळजीवाली, आणि दात लपवणारी. ही दुसऱ्या प्रकारची, हे मला लगेच कळलं. कारण ती वाघजाईच्या वाडीची होती.

वाडी हडपसरच्या पलीकडे, लोणी काळभोरच्या अलीकडे. चार वर्षांपूर्वी महापालिकेत आली. घरपट्टी आली, नळ मात्र अजून वाटेत आहे. दोन महिन्यांपूर्वी मंदाकिनी तिथल्या शाळेत दात तपासायला गेली, पोरांचे तपकिरी पट्ट्यांचे दात बघून बाटलीत बोअरचं पाणी भरून आणलं आणि तपासायला दिलं. लिटरला चार मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. दीडच्या वर ते पिऊ नये. बोअर बंद झाली, टँकर सुरू झाले, आणि वाडी विचारू लागली की हे आधी कुणाला माहीत होतं.

निकितानं झेरॉक्स काउंटरवर ठेवली. जुन्या ग्रामपंचायतीची आवक नोंदवही, १८ जून २००८. क्रमांक १४२: पिण्याच्या पाण्याच्या नमुन्याचा अहवाल. घेणाऱ्याची सही: मच्छिंद्र.

"फाइलमध्ये एकशे एक्केचाळीस आहे, त्रेचाळीस आहे," ती म्हणाली. "बेचाळीस गायब आहे. मच्छिंद्र म्हणजे माझे बाबा. पंप तेच चालवायचे. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. आता सगळे म्हणतात, त्यांनीच दडवला. पंपघरावर त्यांच्या नावाची पाटी आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये ती काढायचं ठरवतायत." मग ती मंदाकिनीकडे वळली. "मॅम, मला फक्त एक लेटर द्या. बाबांना माहीत नव्हतं असं."

"मी दातांची डॉक्टर आहे," मंदाकिनी म्हणाली. "पत्र दातांचं देते. वडिलांचं नाही."

"दातांचंच द्या ना!" तिनं मास्क काढला. "हे बघा. बाबांना माहीत असतं तर त्यांनी स्वतःच्या मुलीचे दात असे होऊ दिले असते? याच्याहून मोठा प्रूफ काय असणार?"

मला तो पुरावा बिनतोड वाटला. पुढचे चारही दात खडूसारखे निस्तेज, त्यांवर तपकिरी आडवे पट्टे. मंदाकिनीनं तिला खुर्चीत बसवलं, आरसा आत घातला, पुढचे दात पाहिले, मग मागे गेली. तिथे ती फार वेळ थांबली.

"जन्म कधीचा?"

"जानेवारी दोन हजार पाच."

"वाडी सोडून कधी राहिलीस? लहानपणी? मामाकडे वगैरे?"

"कधीच नाही. का?"

मंदाकिनीनं आरसा ट्रेमध्ये ठेवला. "रविवारला चार दिवस आहेत. मी चौकशी करते. पत्राचं नंतर बघू."

मुलगी गेली. मंदाकिनी बेसिनपाशी हात धूत उभी राहिली. एक वाजून दहा मिनिटं झाली तरी धूतच होती.

२

वाडीत कुणालाही विचारा, संशय दोघांवर. मच्छिंद्र मेलेला, म्हणून सोयीचा. दुसरे हिंमतराव, कारण ते सरपंच होते आणि बंगला त्यांचा सगळ्यात मोठा. पाणी गोड करणारं यंत्रही वाडीत आधी त्यांच्याकडेच आलं.

हिंमतरावांनी आमच्याकडे बघितलं ते कमरेपासून अख्खे वळून. मान वळत नव्हती.

"या डॉक्टरीणबाई. दडवलेला कागद बघाया आलात नव्हं? झडती घ्या. सरपंच व्हतो, आरोप ऐकायची सवय हाय. आरोप झाला न्हाय तर जेवान जात न्हाय."

"यंत्र कधी बसवलंत?"

"दोन हजार एकवीसला. जमीन इकली तवा. बिल्डरनंच भेट दिलं. त्याच्या आधी आमी बी बोरचंच पीत व्हतो की!"

"आणि अहवाल?"

"बाई, म्या तो बघितला असता तर ही पोर अशी हसली असती का?" त्यांनी हाक मारली, "शेफे, दात दाव बाईंना."

शेफाली म्हणजे त्यांची नात, पंधरा वर्षांची. आधी हातामागून हसली, मग तोंड उघडलं. मंदाकिनीनं खिशातली बॅटरी काढून शेवटपर्यंत बघितलं.

"सगळे," ती मला हळूच म्हणाली. "मागचेसुद्धा."

मी विचारलं, "मच्छिंद्र कसा माणूस होता?"

हिंमतरावांनी नातीला आत पाठवलं. मग त्यांचा आवाज बदलला.

"दोन हजार तीनचा दुष्काळ. आड-विहिरी समद्या आटल्या. टँकर आठ दिसांनी यायचा, हंड्यावरनं बायांची डोकी फुटायची. निम्मी वाडी उठून चालली व्हती. सरकारी मानसांनी दोन बोअरी मारल्या, दोनी कोरड्या. मंग मच्छिंद्र निघाला. तळहातावर नारळ आडवा ठिवून सारं रान चालला. आन त्या खडकावर नारळ उभा ऱ्हायला. लोक हसले. चारशे फुटांवर पानी लागलं बाई! कारंजं उडालं. खांद्यावर घेऊन हालगी वाजवत फिरवला त्याला. पंपघरावर पाटी लावली: पाण्याचा शोध, मच्छिंद्र. पंपाचं काम त्यालाच दिलं, मरेपतुर."

"आणि तो ते पाणी प्यायचा?"

"रोज सकाळी पंप सुरू केला की पयली ओंजळ त्याची. समद्यांच्या म्होरं. मंग वाडीला पानी. आता तुमीच सांगा, इख हाय हे ठाव असलेला मानूस इख पील का?"

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "हिंमतराव सुटले."

"सुटले. आठ साली कळलं असतं तर दहा साली जन्मलेल्या नातीला ते पाणी कुणी पाजलं नसतं. तिची एकही दाढ वाचलेली नाही."

"म्हणजे निकिताचंही बरोबर. तिचा मुद्दा तोच होता."

यावर मंदाकिनीनं काच खाली केली आणि सोलापूर रस्त्याच्या धुळीकडे बघत राहिली. तिला धुळीची ॲलर्जी आहे.

३

उरले जयसिंग. त्या वेळचे ग्रामसेवक, आता निवृत्त, कात्रजला तिसऱ्या मजल्यावर राहतात. घरात फायली इतक्या, की मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

"अहवाल मी बघितला नाही," ते म्हणाले. "बघितला असता तर तीन प्रतींत पुढे पाठवला असता. माझ्यात दुसरा गुण नाही, पण तेवढा आहे."

"अठरा जूनला तुम्ही वाडीत नव्हता?"

"बुधवार होता तो. मी काढून बघितलं. माझ्याकडे चार गावं, वाडीचे वार मंगळवार आणि शुक्रवार. बाकी दिवशी टपाल मच्छिंद्र घ्यायचा, सही करायचा, माझ्या टेबलावर ठेवायचा. हे बघा." त्यांनी एक पिवळट प्रत पुढे केली. २५ जुलै २००८. प्रयोगशाळेला स्मरणपत्र: पाण्याचा अहवाल अद्याप अप्राप्त, सबब त्वरित पाठवावा.

"पण नोंदवहीत अहवाल आल्याची नोंद आहे," मी म्हणालो. "तुम्ही ती बघितली नाहीत?"

"साहेब, नोंदवही तपासणी येते तेव्हा बघायची असते."

यावर हसावं असं मला वाटलं, पण जयसिंग स्वतः हसत नव्हते. ते चष्मा पुसत होते.

"उत्तर आलं नाही. मी दुसरं स्मरणपत्र लिहिलं नाही. एक पाठवलं की काम झालं, अशी आमची पद्धत. सतरा वर्षं मला ते झालंच आहे असं वाटत होतं. परवा पेपरात त्या पोरांचे फोटो बघितले."

मंदाकिनीनं विचारलं, "अशा अहवालात नेमकं काय लिहिलेलं असतं? साध्या माणसाला कळेल असं?"

"कळतं की. आकडे इंग्रजीत असतात, पण 'पिण्यास अयोग्य' असा शिक्का मराठीत. शिवाय सोबत एक पत्रक. माझ्या दुसऱ्या एका गावाला तसाच अहवाल आला होता, तिथली विहीर आम्ही बदलली. त्याचं पत्रक आहे माझ्याकडे."

त्यांनी ते शोधून दिलं. पाच-सहा ओळींचं. मंदाकिनीनं एकदा वाचलं, मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं, आणि माझ्या हातात दिलं. तिसरी ओळ अशी होती: 'आठ वर्षांखालील मुलांना हे पाणी पिण्यास देऊ नये. शक्यतो उथळ उघड्या विहिरीचे पाणी तपासून वापरावे.'

"मच्छिंद्रला वाचता येत होतं?" तिनं विचारलं.

"सातवी पास. पेपर तोच मोठ्यानं वाचून दाखवायचा वाडीला."

४

तुळजाबाई, मच्छिंद्रची बायको, दारात उभी होती म्हणणं बरोबर नाही. ती कमरेत इतकी वाकली होती की आमचे चेहरे बघायला तिला चौकट धरावी लागली. वय बावन्न. मंदाकिनीहून चार वर्षांनी लहान. निकिता कामावर गेली होती.

"कंबर कधीपासून?"

"धा वर्सं झाली आसतील. ह्यांचं तर लई वंगाळ झालं व्हतं. शेवटी पाठ टेकत न्हवती, बसूनच झोपायचे."

"एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पाण्यानं होतं तसं, पण दुसरीही कारणं असतात. मी दातांपुरतं बोलते." मग मंदाकिनीनं चहाचा कप हातात घेतला आणि काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "निकिता लहान असताना पाणी कुठलं प्यायची हो?"

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. बोअरचं. दुसरं कुठलं?

पण तुळजाबाईचा चेहरा उजळला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं जणू.

"आडाचं! वाघजाईच्या देवळामागं जुना आड हाय बगा, दीड मैलावर. निकी साडेतीन वर्सांची आसंल. एक दिस हे सकाळीच म्हनले, वाघजाई सपनात आली. म्हनली, पोरीला माझ्या आडाचंच पानी पाजायचं, आठ वर्सांची होईस्तोवर. दुसऱ्या पान्याचा थेंब द्यायचा न्हाय. आन कुनाला सांगायचं न्हाय, न्हायतर नवस मोडंल."

"मग?"

"मंग काय! रोज येक हंडा डोक्यावर. पावसाळ्यात सुदीक. येका दिसाचा खाडा न्हाय केला."

"आणि तुम्ही दोघं?"

"आमी बोरचं. देवीनं आमचं नाव कुटं घेतलं व्हतं?" ती हसली. तिचे स्वतःचे दात धड होते. ते ती दुसऱ्या गावच्या माहेराहून तसेच घेऊन आली होती. "पोरीसाटी केलं. पोर धडधाकट ऱ्हायली. पुढचे दात तेवढे... पन ते आदीचंच आसंल, न्हाय?"

"हो," मंदाकिनी म्हणाली. "ते आधीचंच आहे."

तिनं चहा पूर्ण संपवला. ती बाहेर कुठेही अर्ध्या कपाच्या वर चहा घेत नाही.

५

गाडी सुरू न करता आम्ही बसून राहिलो.

"दात हिरडीच्या आत घडत असतात," मंदाकिनी म्हणाली. "घडताना जे पाणी पोटात जातं, त्याचा डाग बसतो. एकदा घडून झाला की मग कितीही प्या, नवा डाग पडत नाही. म्हणून तुळजाबाईंचे दात स्वच्छ. पुढचे दात आणि पहिली दाढ लहानपणीच घडतात, साधारण तीन वर्षांपर्यंत. दुसरी दाढ त्याच्या पुढे, आठव्या वर्षापर्यंत. शेफालीच्या दोन्ही डागाळलेल्या. निकिताची पहिली डागाळलेली. दुसरी पांढरी."

"तू पहिल्याच दिवशी बघितलंस."

"म्हणून तर विचारलं, वाडी सोडून कुठे राहिली होती का. राहिली असती तर बरं झालं असतं. साडेतीन वर्षांची असताना तिचं पाणी बदललं. जानेवारी पाच अधिक साडेतीन."

हिशेब मी मनात केला. जून-जुलै २००८.

"पण देवी..."

"अहो, देवी पाच वर्षं सांगते, सात सांगते, नऊ सांगते. आठ कधी ऐकलंयत? आठ पत्रक सांगतं. उथळ विहीरही पत्रकच सांगतं."

"मग त्यानं वाडीला का नाही सांगितलं?"

"पाणी त्याचं होतं ना. ज्या पाण्यासाठी खांद्यावर घेऊन फिरवलं, त्याला विष म्हणायचं म्हणजे वाडीसमोर पुन्हा तो साधा मच्छिंद्र. शिवाय वाडी परत टँकरवर. एक दिवस पुढे ढकललं असेल. मग दुसरा. मग कुणाचं मूल जन्मलं असेल, आणि आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणतील. असं अकरा वर्षं."

"आणि रोज पहिली ओंजळ स्वतः? ते प्रायश्चित्त की देखावा?"

"ते दातांवर लिहिलेलं नसतं."

मी बायकोसमोर सहसा विनवण्या करत नाही. त्या दिवशी केल्या. म्हणालो, "दोन ओळींचं पत्र दे. पुढच्या दातांवरून बापाला माहीत नसावं असं वाटतं. एवढंच. मागच्या दाढा कोण बघणार आहे? मुलीकडे बापाशिवाय आहे काय?"

"एकानं खरा कागद दडवला," ती म्हणाली. "आता मी खोटा लिहू? आणि शेफालीला कोणता दाखवू?"

६

शनिवारी दुपारी दोन वाजता निकिता आणि तुळजाबाई आल्या. पाटीबद्दल मी काही बोललो नाही.

मंदाकिनीनं निकिताला खुर्चीत बसवलं, एक आरसा तिच्या हातात दिला, दुसरा तिच्या तोंडात धरला. "ही पहिली दाढ. दिसली? आता तिच्या मागची बघ." मग सगळं सांगितलं, एकही शब्द गोड न करता. नोंदवही, पत्रक, आठ वर्षं, हंडा. निकिता आरशात बघत राहिली. तिच्या आईला किती कळत होतं, सांगता येत नव्हतं. ती बाकावर पाय खाली सोडून बसली होती.

"म्हणजे त्यांनी मला वाचवलं," निकिता म्हणाली.

"कळल्या दिवसापासून, हो."

"फक्त मला."

मंदाकिनीनं खुर्चीवरचा दिवा बंद केला.

"मॅम, शेफालीला मी कडेवर घेऊन फिरायचे. मी सात-आठ वर्षांची होते. पंप सुरू झाला की सगळी मुलं धारेखाली जायची, मला जायचं नसायचं, नवस होता ना. मग मी तिला न्यायचे. ओंजळीनं पाजायचे. बाबा तिथेच बसलेले असायचे, मॅम. बघत असायचे. एकदाही नाही म्हणाले नाहीत."

तिनं आरसा उलटा करून मांडीवर ठेवला. ती रडली नाही. रडली असती तर आम्हाला काही करता आलं असतं. पाणी देता आलं असतं निदान.

शेवटी ती म्हणाली, "लेटर द्या. जे आहे ते लिहा. उद्या मीच वाचते. दुसऱ्या कुणी वाचण्यापेक्षा."

मंदाकिनी लिहायला बसली. पंख्याचा आणि पेनाचा आवाज येत होता. तेव्हा तुळजाबाईनं मला विचारलं, कारण मी सगळ्यात जवळ होतो.

"म्हंजी वाघजाई आली न्हवती?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली असावी असं मला वाटलं. पण ती मनाशी काहीतरी जुळवत होती. पाच वर्षं. दीड मैल. रोज.

"मला सांगायचं व्हतं की ह्यांनी," ती म्हणाली. "म्या काय बोलले असते? दोन हंडे आनले असते. समद्या बायांना घेऊन गेले असते. सपनाचं कारन कशाला पायजे व्हतं?"

लिहिणारा हात थांबला.

"आड काठोकाठ भरलेला असायचा ओ," तुळजाबाई म्हणाली. "म्या येकटीच जायची."